चावी तुमची, नाव दुसऱ्याचं

गाडीची विक्री दोन ठिकाणी होते. एक शोरूमच्या किंवा कार बाजाराच्या आवारात. तिथे पैसे मोजले जातात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, पेढे वाटले जातात आणि पुठ्ठ्याची भलीमोठी चावी धरून फोटो निघतो. दुसरी सरकारी नोंदीत. तिथे एका माणसाचं नाव जाऊन दुसऱ्याचं लागतं. पहिल्या ठिकाणी डीलरला पैसे मिळतात, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या वाट्याला फक्त काम येतं. म्हणून पहिली विक्री एका दुपारी उरकते आणि दुसरी महिनोन्‌महिने लोंबकळत राहते.

या लोंबकळण्याला आपण 'उशीर' म्हणतो. फार सौम्य शब्द आहे हा. उशीर बसला होतो. इथे जे घडतं तो धंद्याचा भाग आहे. चावी देणं आणि नाव बदलणं यांच्यामधल्या काळातली सगळी जोखीम डीलर दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, स्वतः मोकळा राहतो, आणि वर आपल्यालाच ऐकवतो, 'भाऊ, काऊन टेन्शन घेता? होऊन जाईन ना.'

हा लेख त्या 'होऊन जाईन'च्या विरोधात आहे.

नोंद आणि ताबा

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न समजावून सांगायला वकील लागत नाही, कारण तो आपल्याला शेतीवरून ठाऊक आहे. वावर विकत घेतलं, खरेदीखत झालं, ताबा मिळाला, पेरणीही झाली. पण फेरफार झाला नाही. सातबाऱ्यावर नाव जुन्याच माणसाचं. मग पीककर्ज मागायला गेलात की अडलं, नुकसानभरपाईची यादी आली की त्यात नाव दुसऱ्याचं. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, ती महसुली नोंद आहे, असं कायदा जाणणारे सांगतात. पण सगळं जग त्या नोंदीकडे बघूनच तुमच्याशी वागतं.

गाडीचं तसंच आहे, फक्त जास्त धोकादायक. वस्तुविक्रीचा कायदा १९३० सालचा. त्यानुसार वस्तूची मालकी विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या ठरावाने बदलते. त्यासाठी आरटीओची नोंद लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम २(३०) मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. (गाडी हप्त्यावर किंवा तारण असेल तर थोडे अपवाद आहेत.) म्हणजे एकाच गाडीचे एकाच वेळी दोन मालक असू शकतात. एकाने पैसे मोजलेले असतात, दुसऱ्याचं नाव असतं. गाडीचा उपयोग पहिल्याला, गाडीची जबाबदारी दुसऱ्याला.

आणि या दोघांना एकत्र आणून सोडून देणारा तिसरा माणूस? तो कागदावर कुठेच नसतो.

दोन निकाल

हे भय वाटून लिहितो आहे असं वाटू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सांगतो. दोन्ही आपल्या भागातले नाहीत, पण दोन्ही आपल्याला लागू आहेत.

पहिला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, ६ फेब्रुवारी २०१८. एका माणसाने २००७ साली आपली गाडी विकली. ज्याने घेतली त्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. नोंदीत नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ साली अपघात झाला, एक जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? जो गाडी विकून दोन वर्षं झाली होती त्याने, असं न्यायालयाने ठरवलं. कारण नोंदीत मालक तोच. अपघातात ज्याचा माणूस गेला त्याने गाडी कुणाकुणाच्या हातांतून फिरली याचा शोध घेत बसायचं का, हा त्यामागचा विचार होता. आणि तो बरोबर आहे. जखमी माणसाच्या बाजूने पाहिलं तर नोंदीवर विश्वास ठेवता आलाच पाहिजे.

दुसरा, युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध सुशील कुमार गोदारा, ३० सप्टेंबर २०२१. नवी बोलेरो. विमा ६,१७,८०० रुपयांचा, हप्ता भरलेला. गाडीला तात्पुरता नंबर होता, त्याची मुदत १९ जुलै २०११ ला संपली. २८ जुलैच्या रात्री जोधपूरमध्ये गेस्ट हाऊससमोरून गाडी चोरीला गेली. नऊ दिवसांचा फरक. विमा कंपनीने पैसे नाकारले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचीच बाजू उचलून धरली. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच विम्याच्या अटींचा भंग, असं कारण दिलं.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी ज्याच्याकडे गाडी नाही तो बुडाला, कारण नाव त्याचं होतं. दुसऱ्या ठिकाणी ज्याने गाडीचे पैसे मोजले तो बुडाला, कारण पक्का नंबर लागला नव्हता. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही तीच फट गिळते. त्या फटीतून सुखरूप बाहेर पडतो तो फक्त मध्यस्थ.

आर्णीची गाडी, नागपूरचं नाव

माझ्या मामांचं आर्णीला कापडाचं छोटं दुकान आहे. २०२३ च्या दिवाळीत त्यांनी जवळच्या एका शहरातल्या कार बाजारातून जुनी हॅचबॅक घेतली. किंमत ३ लाख ६० हजार, पूर्ण रक्कम बँकेतून दिलेली. आरसी नागपूरच्या एका गृहस्थांच्या नावाची, त्यावर बँकेचा बोजा. डीलरने सांगितलं, लोन बंद झालं आहे, फक्त बँकेची एनओसी यायची आहे. सोबत एक फाईल दिली. त्यात फॉर्म २९ आणि ३०, जुन्या मालकाच्या सह्या असलेले, बाकी कोरे. पंधरा दिवसांत नावावर करून देतो असं डिलिव्हरी नोटवर लिहिलेलं.

पुढचे महिने कसे गेले हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको. आधी 'फाईल लावली आहे'. मग 'सर्व्हर डाऊन आहे'. मग 'एजंटच्या घरी लग्न आहे'. शेवटी नवं कारण आलं: 'जुना मालक सही देऊन नाही राहिला, मी काय करू?'

मी पुण्याहून फोन करत होतो आणि मामा दुकान बंद करून चकरा मारत होते. फोनवर काही होत नाही हे कळल्यावर मी आरसीवर छापलेल्या नागपूरच्या पत्त्यावर एक साधं पत्र टाकलं. चार दिवसांनी मामांना फोन आला. निवृत्त शिक्षक होते. आवाजात राग.

'तुम्ही गाडी नावावर करून का घेत नाही? दंडाची चलानं मला येऊन राहिली. तुळजापूर महामार्गावर मी कशाला जातो?'

मामा म्हणाले, 'सर, मला तर सांगितलं की तुम्हीच सह्या देत नाही.'

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग सर म्हणाले, 'माझ्या सह्या पहिल्याच दिवशी झाल्या. आणि हप्ते अजून माझ्याच खात्यातून जातात, हे तुम्हाला माहीत आहे का?'

माहीत नव्हतं. सरांनी गाडी देताना कर्जाची १ लाख ४० हजारांच्या आसपास रक्कम बाकी होती. ठरलं असं होतं की गाडी विकली की डीलर त्यातून कर्ज फेडेल. गाडी विकली गेली, पैसे आले, कर्ज तसंच राहिलं. डीलर दर महिन्याला सरांच्या खात्यात हप्त्याएवढी रक्कम टाकायचा, कधी वेळेवर, कधी नाही. नाही टाकली की हप्ता बाऊन्स, दंड सरांना, आणि सिबिलवर डाग सरांच्या. मामांचे ३ लाख ६० हजार मात्र डीलरने दुसऱ्या गाड्या उचलायला फिरवले. दोघांच्याही पैशांवर त्याला बिनव्याजी भांडवल मिळालं होतं. आणि हे दोघे एकमेकांना लबाड समजत होते, कारण दोघांना एकमेकांबद्दल तसंच सांगण्यात आलं होतं.

इथे कायद्याचं एक साधं कलम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५१: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होऊच शकत नाही. म्हणजे सह्या केलेले ते फॉर्म पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होते, आणि गाड्यांचाच धंदा करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं कुणी मला सांगू नये. पंधरा दिवसांत नावावर करून देतो हे वाक्य लिहिताना त्याला माहीत होतं की कर्ज फेडल्याशिवाय ते पंधरा वर्षांतही होणार नाही.

त्या फोननंतर काम सोपं झालं, कारण दोन पीडित एका बाजूला आले. सरांनी बँकेचा उतारा काढून दिला. मामांनी पैसे दिल्याचा पुरावा काढला. दोघांनी मिळून एकाच वकिलाकडून नोटीस पाठवली. तिला उत्तर आलं नाही, तेव्हा मामांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल केली. पहिल्या तारखेच्या आत डीलरने कर्ज फेडलं. फॉर्म ३५ आला, बोजा उतरला, नाव बदललं. ऑक्टोबर २०२४. अकरा महिने.

प्रश्न सुटला, असं सगळे म्हणाले. मला ते मान्य नाही. डीलरने अकरा महिन्यांनी तेवढंच केलं जे त्याने पंधरा दिवसांत करायचं होतं. त्याला एक रुपया जास्तीचा पडला नाही. सरांचं बिघडलेलं सिबिल, मामांच्या बुडालेल्या दिवसांचा धंदा, वकिलाची फी, हे सगळं या दोघांनी सोसलं. आणि त्या अकरा महिन्यांत मामांच्या गाडीखाली कुणी आलं असतं तर भरपाईचा दावा सरांच्या दारात गेला असता. मामांची गाडी ठोकली गेली असती तर दुरुस्तीचे पैसे मिळाले नसते, कारण पॉलिसी सरांच्या नावावर. कायद्याच्या कलम १५७ ने नव्या मालकाकडे आपोआप जातो तो फक्त तिसऱ्या माणसासाठीचा विमा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नाही. काही झालं नाही हे या दोघांचं नशीब. ज्या व्यवस्थेत दोन सरळ माणसं नशिबावर अकरा महिने काढतात, ती सुटलेला प्रश्न म्हणून मिरवू नये.

डीलर आपल्या नावावर का करत नाही

कुणी विचारेल, डीलरने सरांकडून गाडी घेतली तेव्हाच ती स्वतःच्या नावावर का केली नाही? उत्तर बाजारभावात आहे. 'फर्स्ट ओनर' गाडीला एक भाव, 'सेकंड ओनर'ला दुसरा. डीलरने मध्ये नाव लावलं की गाडी एक हात जुनी होते, शिवाय बदलाची फी आणि खटपट. म्हणून तो कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत फाईल कपाटात ठेवतो. गाडी त्याच्या आवारात, किल्ली त्याच्या खिळ्यावर, नफा त्याच्या गल्ल्यात. फक्त नाव त्याचं नाही.

कायद्याच्या कलम ५० ने या सवयीला वाट करून दिली. गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. जबाबदारी दोन टोकांवर. ज्याच्या हातात सगळे कागद असतात, जो वेळ ठरवतो, त्या मधल्या माणसाचा तिथे उल्लेख नाही.

नव्या गाडीचं चित्र थोडं वेगळं, पण मुळाशी तेच. दसरा आणि पाडवा आला की शोरूमला एकाच दिवशी गाड्या काढायच्या असतात. गिऱ्हाईकाला मुहूर्त हवा, शोरूमला महिन्याचं टार्गेट हवं. पासिंग मागाहून होईल म्हणत गाडी बाहेर पडते. मुहूर्त टळत नाही, टार्गेटही चुकत नाही. नंबरप्लेट लागेपर्यंतचा धोका तेवढा गिऱ्हाईकासोबत घरी जातो.

डीलरची बाजू

डीलर लोकांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि त्यातलं काही खरं आहे. बँका एनओसीला वेळ लावतात. पोर्टल अडकतं. ओटीपी नोंदीतल्या मोबाइलवर जातो आणि जुना मालक नंबर बदलून बसलेला असतो. यवतमाळ सोळा तालुक्यांचा जिल्हा आहे. वणीचा किंवा उमरखेडचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी यायचा तर जवळपास शंभर किलोमीटर. एखादा कागद राहिला की दिवस गेला.

हे सगळं मान्य केलं तरी त्यातून एवढंच निघतं की काम अवघड आहे. अवघड कामाचा धोका कोणी घ्यायचा, हे त्यातून निघत नाही. एनओसी यायला महिना लागतो हे डीलरला आधीपासून ठाऊक असतं. त्याने अशा शंभर फायली पाहिलेल्या असतात. मामांनी आयुष्यात दुसऱ्यांदा गाडी घेतली होती. ज्याला रस्ता माहीत आहे त्याने खड्ड्याची जबाबदारी घ्यावी, की जो पहिल्यांदा त्या रस्त्याने चालला आहे त्याने?

आणि बँक खरंच उशीर करत असेल तर उपाय साधा आहे. एनओसी येईपर्यंत गाडी विकू नका. किराणा दुकानदार माल आल्याशिवाय विकत नाही.

कायदा आहे, वचक नाही

रागाची गोष्ट ही की यातलं बरंचसं कायद्यात आधीच लिहिलेलं आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ४१ बदललं. नवी गाडी डीलरच्याच राज्यात नोंदवायची असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरने करायचा. आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. ही विनंती नाही, कायद्याचा आदेश आहे. डीलरने अर्ज केला नाही तर कलम १९२ब नुसार दंड: वार्षिक कराच्या पंधरा पट किंवा आजीवन कराएवढा, यातला जो जास्त तो. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. म्हणजे ८ लाखांच्या गाडीवर ८८ हजार, आणि दंड किमान तेवढा. हा दंड पाच-सहा वेळा जरी खरोखर वसूल झाला, तरी 'पासिंग मागाहून' हे शब्द शोरूममधून गायब होतील.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. मालकाने गाडी डीलरला दिली की फॉर्म २९क भरून पोर्टलवर तशी नोंद करायची. त्या क्षणापासून डीलर गाडीचा मानीव मालक, आणि गाडीची जबाबदारी त्याची. शिवाय अशी गाडी कुठे, कशासाठी फिरवली याचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर त्याने ठेवायचं.

हे वाचा आणि वरची कहाणी पुन्हा आठवा. हा एक फॉर्म भरला गेला असता तर सर पहिल्याच दिवशी मोकळे झाले असते. 'फर्स्ट ओनर'चा भाव टिकवण्याची सबबही उरली नसती, कारण हे नाव लावणं नाहीच, जबाबदारीची नोंद आहे. नियम लागू होऊन सात महिने झाल्यावरचा हा व्यवहार. त्या कार बाजारात कुणी या फॉर्मचं नाव काढलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो: तांत्रिक अडचण इथे नाही. तुम्ही फोनवरून कुणाला पाचशे रुपये पाठवता तेव्हा तुमच्या खात्यातून वजा होणं आणि त्याच्या खात्यात जमा होणं हा एकच व्यवहार धरलेला असतो. अर्ध्यात अडकला तर पैसे परत. असं चालत नाही की पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत आणि बँक म्हणते, बघू पुढच्या आठवड्यात. पाचशे रुपयांसाठी जो नियम आपण गृहीत धरतो तो साडेतीन लाखांच्या गाडीसाठी नको? 'वाहन' हा देशभरच्या गाड्यांचा डेटाबेस आहे, तो सरकारी एनआयसीने बांधला आहे. त्यात मालक, बोजा, विमा, कर सगळं आहे. डीलरच्या ताब्यातल्या कोणत्या गाड्या किती दिवस लोंबकळत आहेत, याची यादी त्यातून काढणं हे माझ्यासारख्याचं एका दिवसाचं काम आहे. यादी काढायची इच्छा हवी.

'जागरूक' हा शब्द परत घ्या

असं काही घडलं की सल्ले सुरू होतात. ग्राहकाने कागद तपासावेत. ग्राहकाने बोजा बघावा. ग्राहकाने जागरूक राहावं. सल्ले चुकीचे नाहीत. पण ते नेहमी त्याच माणसाला दिले जातात ज्याच्याकडे सगळ्यात कमी माहिती आणि सगळ्यात कमी ताकद आहे. कापूस विकून, दुकानातून रोज थोडे थोडे बाजूला टाकून ज्याने गाडी घेतली, त्याने वस्तुविक्री कायदा, मोटार वाहन कायदा आणि विम्याच्या अटी वाचून यायचं. आणि ज्याचा धंदाच हा आहे, त्याला कुणी 'जागरूक विक्रेता' व्हायला सांगत नाही.

याचा परिणाम असा होतो की फसलेला माणूस गप्प बसतो. लोक म्हणतील, 'एवढा शिकलेला भाचा असून कसा फसला?' मामांनी पहिले चार महिने मामींनाही पूर्ण गोष्ट सांगितली नव्हती. डीलरला वकिलापेक्षा ही लाज जास्त उपयोगी पडते. म्हणून मी हे लिहितो आहे, आणि म्हणून माझी मागणी ग्राहकाकडे नाही.

मागण्या तीन आहेत. एक, बोजा असलेली गाडी कर्ज फिटल्याशिवाय विक्रीला लावता येऊ नये. दोन, डीलरच्या ताब्यात आलेली गाडी त्या दिवशीच पोर्टलवर त्याच्या जबाबदारीत दिसावी, आणि न दिसल्यास त्याचं प्रमाणपत्र निलंबित व्हावं. तीन, चावी आणि नाव यांच्यामधल्या काळातली चलानं, हप्ते, विमा, अपघाताची भरपाई हे सगळं डीलरच्या अंगावर पडावं. तिसरी मागणी मान्य झाली तर पहिल्या दोन आपोआप पाळल्या जातील. ज्या दिवशी उशीर डीलरला महाग पडेल, त्या दिवशी सर्व्हर डाऊन असणं थांबेल आणि एजंटच्या घरची लग्नं कमी होतील.

तोपर्यंत

कायदा सुधरेपर्यंत गाड्या घेणं थांबणार नाही. तेव्हा ज्यांचं आत्ता अडकलं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

सगळ्यात आधी आरसीवरच्या दुसऱ्या माणसाला गाठा. तुम्ही घेणारे असाल तर जुन्या मालकाला, विकणारे असाल तर नव्या मालकाला. डीलरने त्याच्याबद्दल जे सांगितलं आहे ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरं मानू नका. डीलरची ताकद तुम्ही दोघे न भेटण्यात आहे.

बोलणं लेखी आणा. फोनवर 'होऊन जाईन' म्हणाला की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: 'आज तुम्ही अमुक तारखेपर्यंत नाव बदलून देतो म्हणालात.' उत्तर आलं नाही तरी ती नोंद राहते.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, नोटीस, आणि नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बिलावर 'न्यायक्षेत्र अमुक शहर' छापलं असलं म्हणून घाबरू नका. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. आणि तक्रारीत फक्त नाव बदलून मागू नका. बुडालेले दिवस, दंड, व्याज, मनस्ताप यांचे पैसे मागा, आणि नाव बदलल्यावर लगेच तक्रार मागे घेऊ नका. मामांनी आणि सरांनी ती घेतली, कारण दोघेही थकले होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तुमच्यात दम उरला असेल तर तो शेवटपर्यंत वापरा. मिळालेली भरपाई पाच हजार असली तरी चालेल. ती डीलरच्या वहीत खर्च म्हणून लिहिली गेली पाहिजे.

आणि ज्यांची गाडी अजून घ्यायची आहे, त्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे: शेवटचे पैसे. किंमतीचा एक मोठा भाग आरसी नावावर झाल्यावरच देईन, असं करारात लिहून घ्या. डीलर चिडेल, 'आमच्यावर विश्वास नाही का?' म्हणेल. शांतपणे विचारा, 'भाऊ, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे ना? मग तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा.'

तो काय उत्तर देतो ते ऐका. पंधरा दिवस खरे होते की नाही, ते तिथल्या तिथे कळेल.